नाळ कापल्यानंतरचे तीन दिवस

पहिल्या दिवशी बाळ ठीक असतं. वजन जरा कमी, पण रडलेलं, अंगावर प्यायलेलं. दुसऱ्या दिवशी काहीतरी बिनसतं. रडणं चिरकं होतं आणि थांबता थांबत नाही. हनुवटी आणि बोटं थरथरतात. शिंकांमागून शिंका, जांभयांवर जांभया. भुकेने मूठ चोखतं, पण छातीशी धरलं की दूध नीट ओढता येत नाही, आणि ओढलं तरी ओकून टाकतं. पातळ शी होऊन होऊन ढुंगण लालबुंद झालेलं असतं. झोप नसल्याने पाय सारखे झाडत राहतं आणि टाचा चादरीवर घासून सोलवटतात.

आई गर्भारपणात हेरॉईन, मॉर्फिन किंवा त्याच जातीच्या वेदनाशामक गोळ्या नियमित घेत असेल, तर बाळाचा मेंदूही त्यांना सरावतो. ही द्रव्यं मेंदूतल्या काही पेशींना दाबून ठेवतात, आणि त्या दाबाखालीही काम चालावं म्हणून पेशी आपला जोर वाढवतात. नाळ कापली की पुरवठा एका क्षणात बंद होतो. दाब गेला, जोर मात्र तसाच राहिला. त्यातून ही थरथर आणि तो टाहो. हेरॉईन असेल तर हे बहुधा पहिल्या दिवसातच दिसू लागतं. हेरॉईन सोडवताना त्याऐवजी दिलं जाणारं, शरीरात रेंगाळणारं मेथाडोनसारखं औषध असेल तर दोन-तीन दिवस लागतात. अशा बाळाला ‘व्यसनी’ म्हणू नये. व्यसनात ओढ असते, आणि त्रास होत असूनही पुन्हा पुन्हा तेच करणं असतं. बाळाच्या शरीराला फक्त सवय लागलेली असते, आणि ती काही दिवसांत किंवा आठवड्यांत सुटते.

वार (प्लॅसेंटा) म्हणजे आई आणि बाळ यांच्यातली भिंत, असा समज फार काळ होता. खरं तर छोटे, चरबीत विरघळणारे रेणू तिच्यातून सहज पलीकडे जातात, आणि नशेचे बहुतेक पदार्थ नेमके तसेच असतात. पण प्रत्येकाची इजा वेगळी. कोकेन रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे बाळाकडे जाणारं रक्त कमी पडतं आणि कधी वार अवेळी सुटते. सिगारेटमधला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. सिगारेट ओढणाऱ्या आईचं बाळ सरासरी २०० ग्रॅमच्या आसपास हलकं भरतं. गांजानेही जन्मवजन घटतं.

आणि ज्या पदार्थाने होणारं कायमचं नुकसान सर्वांत पक्कं सिद्ध झालं आहे, तो बहुतेक ठिकाणी राजरोस विकत मिळतो. १९६८ मध्ये फ्रान्समधले डॉक्टर पॉल लेमोइन यांनी दारू पिणाऱ्या पालकांच्या १२७ मुलांची निरीक्षणं मांडली, तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी त्या लक्षणसमूहाला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिलं. डोळ्यांची आखूड फट, पातळ वरचा ओठ, नाक आणि ओठ यांच्यामधली सपाट झालेली पन्हळ. चेहरा असा नसला तरी स्मरण, गणित, रागावरचा ताबा यांतली अडचण जन्मभर राहू शकते. गर्भारपणात दारूचं सुरक्षित प्रमाण कुणाला सापडलेलं नाही.

घबराट मात्र दारूची झाली नाही, कोकेनची झाली. १९८५ मध्ये फक्त २३ अर्भकांवरचा एक अभ्यास आला, आणि अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी एका अख्ख्या पिढीला ‘क्रॅक बेबी’ (क्रॅक म्हणजे ओढायचं कोकेन) ठरवून मोडीत काढलं. फिलाडेल्फियात डॉ. हॅलम हर्ट यांनी १९८९ पासून २२४ मुलांचा माग ठेवला. निम्म्या मुलांच्या आयांनी गर्भारपणात कोकेन घेतलं होतं, निम्म्यांच्या नाही. घरं मात्र सगळ्यांची गरीब. मुलं मोठी होत गेली, तसं बुद्धीच्या चाचण्यांत दोन्ही गटांत दखल घ्यावी असा फरक सापडेना. सर्वसाधारण मुलांच्या मागे दोन्ही गट होते, आणि त्यांना मागे ओढण्यात गरिबीचा हात कोकेनपेक्षा मोठा होता. इतर अभ्यासांत लक्ष टिकवण्यात आणि वागणुकीत काही बारीक फरक दिसले, म्हणजे कोकेन निरुपद्रवी नाहीच. पण ज्या मुलांना शाळेच्या पहिल्या दिवसापासून ‘हे काही शिकणार नाही’ या नजरेने पाहिलं गेलं, त्यांचं नुकसान कोण मोजणार?

आईकडेही तीच नजर वळते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने २०१४ मध्ये गर्भारपणात नशा करणाऱ्या आयांवर खटले भरण्याचा कायदाच केला, आणि पकडलं जाण्याच्या भीतीने बायका तपासणीलाच जाईनाशा झाल्या. दोन वर्षांनी त्याची मुदत संपली, ती वाढवली नाही. त्यात जाणकारांचा सल्ला लोकांना वाटतो त्याच्या उलट आहे: हेरॉईनसारखं व्यसन गर्भारपणात एका झटक्यात सोडू नये. पुन्हा घसरण्याचा, आणि मग जीवघेणी मात्रा घेतली जाण्याचा धोका फार असतो. त्याऐवजी मेथाडोन किंवा तशाच कामाचं ब्युप्रेनॉर्फिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू ठेवणं आई आणि बाळ दोघांनाही जास्त सुरक्षित. पण त्यासाठी तिने डॉक्टरांना खरं सांगायला हवं, आणि खरं सांगता यावं असे डॉक्टर तिला भेटायला हवेत.

बाळाची देखभालही आता बदलते आहे. १९७५ पासून रुळलेल्या पद्धतीत दर काही तासांनी लक्षणांना गुण देत, आणि बेरीज वाढली की मॉर्फिनचे थेंब सुरू करत. बाळ बहुधा आईपासून दूर, लख्ख उजेडाच्या अतिदक्षता विभागात असे. येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तीनच प्रश्न ठेवले. बाळ पुरेसं पितं का? सलग तासभर झोपतं का? दहा मिनिटांत शांत होतं का? उत्तर नाही आलं, तर आधी खोलीतला उजेड आणि आवाज कमी करायचा, बाळाला गुंडाळून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, पुन्हा पाजायचं, आई थकली असेल तर दुसऱ्या कुणी घ्यायचं. एवढं करूनही भागलं नाही तरच औषध. २०२३ मध्ये २६ अमेरिकी रुग्णालयांतल्या १,३०५ बाळांवरच्या चाचणीचा निकाल आला. घरी जाण्याजोगं व्हायला जुन्या पद्धतीत सरासरी १४.९ दिवस लागले, नव्या पद्धतीत ८.२. औषध द्यावं लागलेल्या बाळांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून साडेएकोणीसवर आलं. मेथाडोनवर स्थिर असलेल्या, दुसरी कुठलीही नशा न करणाऱ्या आईने बाळाला अंगावर पाजायलाही हरकत नसते, कारण दुधात उतरणारं मेथाडोन अगदी थोडं असतं.