आयपीएलने शॉट बिघडवले की सवय मोडली? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत

टेस्टमध्ये कोणी पुढे सरसावून उचलायला गेला आणि मिडऑफला कॅच देऊन आला की ठाणे स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीपासून खारघरच्या सोसायटी ग्रुपपर्यंत सगळीकडे एकच वाक्य, "आयपीएलने वाट लावली टेस्टची." टीम दिवसभर टुकटुक करून १४० ला ऑल आउट झाली तरी पुन्हा तेच वाक्य. अहो, पण या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली, टी-ट्वेंटीमुळे बॅटर फार मारायला लागले. दुसरी, टी-ट्वेंटीने लाल बॉलचे, म्हणजे चार-पाच दिवसांच्या क्रिकेटचे, दिवसच खाल्ले आणि त्यामुळे बॉल सोडायची, तास तास उभं राहायची, दिवसभर एका टप्प्यावर टाकायची सवय गेली. लोक पहिलीवर तावातावाने बोलतात आणि खरं नुकसान दुसरीत आहे.

पहिली पटकन उरकतो. सेहवागने चेन्नईत ३१९ मारले ते मार्च २००८ मध्ये, ३०० पूर्ण केले २७८ बॉलमध्ये, आणि तेव्हा आयपीएलचा पहिला बॉलसुद्धा पडलेला नव्हता. वॉर्नर तर एकही फर्स्ट क्लास (लाल बॉलची, अनेक दिवसांची) मॅच न खेळता ऑस्ट्रेलियाच्या टी-ट्वेंटी टीममध्ये आला आणि पुढे टेस्टमध्ये २६ शतकं ठोकली. पंत मेलबर्नला स्कूप (बॉल कीपरच्या डोक्यावरून मागे उचलणं) मारताना गेला की शिव्या, २०२५ ला लीड्समध्ये दोन्ही इनिंगला शतक केलं की "काय बिनधास्त पोरगा आहे". कानपूरला २०२४ मध्ये बांगलादेशविरुद्ध दोन अख्खे दिवस वाया गेले तरी ३४.४ ओव्हरमध्ये २८५ चोपून, डिक्लेअर करून मॅच काढलीच ना? झालं, मारण्याचा विषय संपला.

आता दुसरी. गुवाहाटी, नोव्हेंबर २०२५, साउथ आफ्रिकेविरुद्ध मॅचची चौथी, म्हणजे आपली दुसरी इनिंग. पहिल्या इनिंगला काही शॉट आचरट होते, मान्य, पण दुसऱ्या इनिंगला कोणी जिंकायला गेलंच नव्हतं, फक्त मॅच वाचवायची होती. साई सुदर्शन १३९ बॉल खेळून १४ वर गेला, टीम १४० ला संपली आणि ४०८ रन्सनी हरलो. यात आयपीएलचा शॉट कुठला दाखवता? थांबायचंच होतं आणि थांबता आलं नाही. स्पिनरला उशिरा, सैल हाताने खेळणं हे नेटमध्ये शिकून येत नाही, कारण टी-ट्वेंटीत स्पिनर २४ बॉल टाकतो, तेही सपाट, आणि टेस्टमध्ये तोच शॉर्टलेग-सिलीपॉइंट, म्हणजे बॅटला चिकटून फिल्डर लावून वीस-पंचवीस ओव्हर तुमच्या मागे लागतो, ती डोकेदुखी चार दिवसांच्या मॅचमध्येच भोगावी लागते. आणि त्या मॅच कोण खेळतंय? कोहली दिल्लीकडून रणजीला उतरला जानेवारी २०२५ मध्ये, त्याच्या आधी २०१२ ला. २०२४-२५ ची रणजी तर अर्धी खेळून थांबवली, मध्ये मुश्ताक अली (टी-ट्वेंटी) आणि विजय हजारे (वनडे) या पांढऱ्या बॉलच्या स्पर्धा घुसवल्या आणि जानेवारीत परत लाल बॉल हातात दिला. कोरोनाच्या वर्षी रणजी झालीच नाही, पण मुश्ताक अली आयपीएलच्या लिलावाच्या आधी बरोब्बर झाली. कोणाला कशाची घाई होती ते समजून घ्या.

बॉलर्सचं तर कोणी नावच काढत नाही. २०२३ ची आयपीएल फायनल ३० मेच्या पहाटे संपली आणि ७ जूनला ओव्हलवर टेस्ट चॅम्पियनशिपची फायनल सुरू. शमी २८ विकेट आणि पर्पल कॅप (आयपीएलमध्ये सर्वाधिक विकेटचा मान) घेऊन आला होता, फॉर्म जबरदस्त, पण दोन महिने दिवसाला चारच ओव्हर टाकलेल्या माणसाला एकदम एका इनिंगला पंचवीसच्या वर ओव्हर टाकायला लावल्या. पहिल्या दिवशीच ऑस्ट्रेलिया ३ बाद ३२७, मॅच तिथेच गेली. आता कोणी म्हणेल रहाणे पण आयपीएलमधूनच आला होता, त्याने ८९ आणि ४६ केले, आणि काउंटी (इंग्लंडचं लाल बॉलचं देशांतर्गत क्रिकेट) खेळून आलेला पुजारा १४ आणि २७ वर गेला. खरंय, बॅटर एखाद-दुसऱ्या मॅचमध्ये निभावून नेतो. बॉलरच्या पायांना ते जमत नाही.

तरी पटत नसेल तर साउथ आफ्रिका बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांची टी-ट्वेंटी लीग आणि न्यूझीलंडची टेस्ट सिरीज एकमेकांवर आपटली, मुख्य खेळाडू लीगला राहिले, टेस्टला पाठवलेल्या टीमचा कॅप्टन नील ब्रँड स्वतःच पहिली टेस्ट खेळत होता. २-० हरले. जून २०२५ ला हाच देश लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून टेस्टचा चॅम्पियन! लीग बंद झाली नव्हती, पोरांनी शॉट सोडले नव्हते, फक्त तारखा आडव्या आल्या नाहीत.

आपल्या नेरूळला डीवाय पाटीलवर डिसेंबर २०२३ मध्ये तर दोन्ही तक्रारी एकाच मॅचमध्ये दिसल्या. भारताच्या मुलींनी इंग्लंडविरुद्ध पहिल्याच दिवशी ४१० मारल्या, वेगाने कोणाचं काही बिघडलं नाही. लाल बॉलचं क्रिकेट जवळजवळ मिळतच नसलेल्या इंग्लंडच्या पोरी मात्र १३६ आणि १३१ ला गुंडाळल्या, दीप्ती शर्मा ७ रन्समध्ये ५ विकेट, ३४७ रन्सचा विजय, तिसऱ्या दिवशी सगळे घरी.

त्यामुळे घोडबंदर आणि घणसोलीच्या टर्फवर रात्री अकराला अंडरआर्म खेळणाऱ्या पोरांना बघून "यांच्यामुळे टेस्ट मेली" म्हणणाऱ्या काकांचा मला भयंकर राग येतो. खेळू द्या की! पोराचा डिफेन्स हवा असेल तर पावसाळ्यात त्याला मुंबईच्या कांगा लीगला पाठवा, ओल्या पिचवर दोन तास उभा राहील. आणि बोर्डाकडे काही मागायचंच असेल तर रणजी सलग खेळवा आणि आयपीएल फायनलनंतर टेस्टला तीन आठवडे सोडा एवढं मागा, स्कूप बंद करा हे नको.