अमेरिकेतील हायस्कूलमध्ये अ‍ॅथलेटिक ट्रेनर व्हायचे असेल, तर अर्ज नेमका कुठे अडकतो

बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, झालेल्या विद्यार्थ्यांकडून एकच प्रश्न वारंवार येतो: पदवी हातात आहे, सहा महिन्यांची इंटर्नशिप झाली आहे, तर अमेरिकेतील अ‍ॅथलेटिक ट्रेनरच्या परीक्षेला थेट बसता येईल का? बसता येत नाही. ही परीक्षा ओमाहा येथील बोर्ड ऑफ सर्टिफिकेशन, म्हणजेच बीओसी, ही संस्था घेते आणि तिला बसण्यासाठी सीएएटीई या संस्थेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची पदवी लागते. कॅनडा आणि आयर्लंड येथील समकक्ष संस्थांशी बीओसीचा परस्पर मान्यतेचा करार आहे. भारतातील कोणत्याही संस्थेशी तसा करार नाही. त्यामुळे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी कितीही चांगल्या गुणांची असली, तरी तिच्या जोरावर फक्त पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज करता येतो.

हा ट्रेनर म्हणजे जिममधला ट्रेनर नव्हे, आणि आपल्याकडील क्रिकेट संघाचा फिजिओही नव्हे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या पेशाला १९९० मध्ये आरोग्यसेवेतील व्यवसाय म्हणून मान्यता दिली आणि ही व्यक्ती डॉक्टरांच्या निर्देशाखाली काम करते. ऑगस्टमध्ये, शाळा सुरू होण्याआधीच, अमेरिकन फुटबॉलचा सराव सुरू होतो. मैदानाच्या कडेला बर्फाच्या पाण्याचे टब भरून ठेवलेले असतात आणि उष्माघाताने कोसळलेल्या मुलाला रुग्णवाहिकेत घालण्याआधी त्या टबात बसवून थंड करायचे, हा निर्णय मैदानावर ट्रेनरलाच घ्यावा लागतो. मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचा खेळाडू कोरी स्ट्रिंगर २००१ मध्ये सरावादरम्यानच्या उष्माघाताने गेला, तेव्हापासून या विषयाकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाते. कागदपत्रांचा जाच वाटतो तेव्हा हे आठवावे, कारण निदान काही अटींमागे खरे कारण आहे. बाकीच्यांबद्दल तसे म्हणता येत नाही.

पूर्वी चार वर्षांच्या पदवीनंतरही परीक्षा देता येत असे. २०१५ मध्ये किमान पात्रता पदव्युत्तर करण्याचा निर्णय झाला आणि २०२२ च्या फॉल सत्रानंतर पदवी अभ्यासक्रमांना नवे विद्यार्थी घेणे बंद झाले. जुनी माहिती अजून फिरत असल्यामुळे पहिली चूक इथेच होते. दुसरी चूक नावावरून होते. कायनेसिऑलॉजी, एक्सरसाइज सायन्स, स्पोर्ट्स मेडिसिन या नावांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चांगले असतील, पण त्यांतून ही परीक्षा देता येत नाही. त्याहून फसवा प्रकार म्हणजे आधीच प्रमाणपत्र असलेल्या ट्रेनरसाठीचा पुढचा अभ्यासक्रम; नावात अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग असते, परीक्षेची पात्रता मात्र मिळत नाही. एजंटने दाखवलेले माहितीपत्रक बाजूला ठेवावे आणि सीएएटीईच्या स्वतःच्या यादीत विद्यापीठाचे नाव व त्यापुढचा मान्यतेचा दर्जा स्वतः वाचावा. तिथे प्रोबेशन, म्हणजे मान्यता धोक्यात, असा शब्द दिसला, तर शुल्क भरण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारावे.

प्रवेशासाठी जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय बारावीनंतरच्या पातळीवर झालेले असावे लागतात. सर्वाधिक अर्ज इथेच परत येतात. शरीररचना, शरीरक्रिया आणि मानसशास्त्र बीपीटीच्या गुणपत्रिकेवर सहज दाखवता येतात. रसायनशास्त्राऐवजी जीवरसायनशास्त्र दिसते, आणि भौतिकशास्त्र तर इलेक्ट्रोथेरपीच्या पोटात कुठेतरी शिकवलेले असते; स्वतंत्र विषय म्हणून त्याचे नाव येत नाही. बारावीच्या पीसीबीची गुणपत्रिका जोडून काम भागेल अशी अनेकांची समजूत असते. ती गुणपत्रिका शालेय मानली जाते. आपल्या अभ्यासक्रमाचा तपशीलवार सिलॅबस महाविद्यालयाच्या शिक्क्यासह घ्यावा, त्यातील भौतिकशास्त्राचे तास अधोरेखित करून प्रवेश समितीला आधीच पाठवावेत आणि ते चालतील का, याचे उत्तर लेखी मिळवावे. उत्तर नाही असे आले, तर विद्यापीठाला चालणारा तेवढा एक विषय ऑनलाइन पूर्ण करता येतो. मात्र त्याला एक सत्र लागते, आणि ते प्रवेशपत्र हाती आल्यानंतर सापडत नाही.

याच टप्प्यावर अनेक विद्यापीठे प्रमाणित अ‍ॅथलेटिक ट्रेनरसोबत केलेल्या निरीक्षणाचे तास मागतात. पुण्या-मुंबईच्या क्रीडा फिजिओथेरपी विभागात काढलेले शेकडो तास बऱ्याच ठिकाणी मोजले जात नाहीत, कारण सही करणारी व्यक्ती बीओसी प्रमाणित नसते. जो पेशा आपल्या देशात जवळजवळ नाहीच, त्यातील माणसाची सही आणा म्हणणे हे अर्जदाराच्या बाजूने पाहिले तर विचित्रच आहे, आणि विद्यापीठांनाही ते कळते. म्हणून परदेशी अर्जदारांना ही अट शिथिल करणारे किंवा आभासी निरीक्षण स्वीकारणारे विभाग आहेत. पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

नावाचा घोळ तर खास आपला. महाराष्ट्रातील गुणपत्रिकांवर आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव असा क्रम असतो, आईचे नाव वेगळे छापलेले असते. पासपोर्टवर स्वतःचे व वडिलांचे नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या रकान्यात असते. लग्नानंतर नाव बदलले असेल, तर आणखी एक गुंता वाढतो. पदवीच्या मूल्यमापनासाठी विद्यापीठाकडून बंद लिफाफ्यात, पाकिटाच्या तोंडावर शिक्का मारून ट्रान्सक्रिप्ट जाते, तेव्हाच नाव पासपोर्टशी जुळते का हे पाहावे. पुढे परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरील नाव आणि नोंदणीतील नाव यांत फरक आढळला, तर आत सोडत नाहीत आणि शुल्कही बुडू शकते.

लसीकरणाच्या नोंदी, आयईएलटीएस किंवा टोफेल, पोलिसांचा दाखला ही नेहमीची कामे आहेत. क्षयरोगाच्या चाचणीबाबत एवढेच लक्षात ठेवावे की बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी अकारण सकारात्मक येऊ शकते, म्हणून रक्ताची आयजीआरए चाचणी मागून घ्यावी.

परीक्षेचा अर्ज शेवटच्या सत्रात करता येतो, त्याला कार्यक्रम संचालकाची संमती लागते. उत्तीर्ण झाल्याचा निकाल आला म्हणजे प्रमाणपत्र मिळाले असे मात्र नाही. पदवी प्रदान झाल्याची तारीख असलेले अंतिम ट्रान्सक्रिप्ट बीओसीकडे पोहोचेपर्यंत ते थांबते.

यानंतर राज्याचा परवाना. कॅलिफोर्निया वगळता सर्व राज्यांत या व्यवसायाचे कायद्याने नियमन होते, आणि बीओसीचे प्रमाणपत्र म्हणजे काम करण्याची परवानगी नव्हे. येथे आपल्या विद्यार्थ्यांचा सर्वात मोठा तोटा होतो, कारण दोन घड्याळे एकाच वेळी चालू असतात. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला अभ्यासक्रमानंतर बारा महिन्यांचे ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करण्याची तात्पुरती परवानगी, मिळते. अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग हा विषय स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या, सरकारी यादीत नसल्याने मुदतवाढ नाही. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो, पण हे ६० दिवस अर्ज सरकारी कार्यालयात पोहोचण्याचे आहेत, टपालात टाकण्याचे नाहीत, आणि विद्यापीठातील अधिकाऱ्याने शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांत तो दाखल व्हावा लागतो. ६० पाठ असतात, ३० विसरले जातात. ओपीटीच्या कार्डावरील प्रारंभ तारखेपासून एकूण ९० दिवस बेकारी चालते. राज्याच्या मंडळाकडे परवाना पडून आहे, ही सबब तिथे ऐकली जात नाही. म्हणून परीक्षा शेवटच्या सत्रातच द्यावी आणि ओपीटीची प्रारंभ तारीख शक्य तितकी पुढची, म्हणजे अभ्यासक्रम संपल्यानंतरच्या साठाव्या दिवसाजवळची मागावी.

परवान्याच्या अर्जात बहुधा सोशल सिक्युरिटी क्रमांक मागतात. ओपीटीचे कार्ड हाती येईपर्यंत तो नोकरीशिवाय मिळत नाही, आणि नोकरी परवान्याशिवाय मिळत नाही. या चक्रातून बाहेर पडण्याचा साधा मार्ग म्हणजे पदव्युत्तरच्या पहिल्याच वर्षी विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा व्यायामशाळेत अधिकृत काम घेणे आणि त्या आधारावर क्रमांक काढून ठेवणे. हे कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

शाळेची नेमणूक ही आणखी वेगळी बाब आहे. परवान्यासाठी दिलेले बोटांचे ठसे शाळेला चालतीलच असे नाही; पेनसिल्व्हेनियात तर मुलांसोबत काम करण्यासाठी राज्य पोलीस, बालशोषणाची नोंद आणि एफबीआय अशा तीन वेगवेगळ्या मंजुऱ्या लागतात. जाहिरातीत शिक्षक व ट्रेनर असे जोडपद असेल, तर अध्यापनाचे प्रमाणपत्रही मागतील, त्यामुळे तिथे अर्ज करून वेळ दवडू नये. पुष्कळ हायस्कूलमधील ट्रेनर शाळेचे नव्हे, तर रुग्णालयाचे कर्मचारी असतात, आणि परदेशी अर्जदाराला हाच मार्ग सोयीचा आहे: सार्वजनिक शाळेला एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी साधारणतः मार्चमधील लॉटरीतून जावे लागते, तर विद्यापीठाशी संलग्न ना-नफा रुग्णालयाला या व्हिसाच्या वार्षिक संख्येच्या मर्यादेतून सूट असते. मुलाखतीतच विचारावे की पगार कोणाच्या खात्यातून होणार. कामाची वेळ दुपारपासून रात्रीपर्यंत असते, शुक्रवारची रात्र सामन्याची असते. २०२३ मध्ये या पेशाचे मध्यक वार्षिक वेतन ५७,९३० डॉलर होते, हेही कर्जाचा हप्ता ठरवण्याआधी पाहावे.

नोकरी लागल्यावर बीओसीचे प्रमाणपत्र टिकवण्यासाठी दर दोन वर्षांत ५० गुणांकांचे पुढचे शिक्षण पूर्ण करावे लागते. त्याची आठवण बीओसीच देत राहते. हृदयविकाराच्या आपत्कालीन उपचाराचे कार्ड मात्र एक दिवसही खंडित होऊन चालत नाही, आणि केवळ ऑनलाइन घेतलेले कार्ड ग्राह्य धरले जात नाही; पुतळ्यावर प्रत्यक्ष हात चालवून दाखवावे लागतात. सुट्टीत गावी येणार असाल, तर विमानाचे तिकीट काढण्याआधी त्या कार्डावरील नूतनीकरणाची तारीख पाहून घ्या.