युरोपीय नदीमाशांचे घरगुती मत्स्यालय

मिनो, स्टिकलबॅक, बिटरलिंग असे युरोपातल्या ओढ्यानद्यांतले बोटाएवढे मासे घरच्या काचेच्या टाकीत पाळण्याचा छंद. हे मासे थंड पाण्याचे. त्यामुळे हीटर लागत नाही. उलट उन्हाळ्यात पाणी गार ठेवताना नाकी नऊ येतात. १०° से. तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिग्रॅ. ऑक्सिजन मावतो, ३०° से.ला जेमतेम साडेसात. वाहत्या पाण्याच्या मिनोला हा फरक लगेच जाणवतो. म्हणून टाकी उन्हापासून दूर, शक्यतो तळघरात ठेवतात आणि पंपाने पाणी खेळते ठेवतात. मिनो उड्या मारतो, तेव्हा झाकण हवेच. तो कळपाने राहतो. एकदोन आणून भागत नाही. कळपातल्या एकाची कातडी फाटली तरी तिच्यातून पाण्यात उतरणाऱ्या द्रव्याने बाकीचे घाबरून पळतात, हे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ च्या सुमारास दाखवले. जाळी हलक्या हाताने वापरायची ती याचसाठी.

पाहण्यासारखा संसार मात्र तीनकाटी स्टिकलबॅकचा. विणीच्या काळात नराचे पोट लालभडक होते. तो वाळूत खड्डा करतो, शेवाळाचे धागे तोंडाने आणून रचतो आणि मूत्रपिंडातून स्रवणाऱ्या चिकट द्रव्याने ते सांधतो. मादी अंडी घालून निघून जाते; पुढे परांनी वारा घालावा तसे पाणी ढवळत अंडी सांभाळतो तो नरच. लहान टाकीत दोन नर ठेवले की मारामारी ठरलेली. नेदरलँड्समधल्या लायडनला प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गेन यांच्या टाक्यांतले नर खिडकीबाहेरून लाल टपालगाडी गेली तरी चवताळत. टिनबर्गेन आणि फ्रिश यांना त्याच क्षेत्रातले कोन्राड लोरेन्झ यांच्यासह १९७३ चे नोबेल मिळाले. स्टिकलबॅक कोरड्या खाद्याला सहसा तोंड लावत नाही. डॅफ्निया (पाणपिसवा), डासांच्या अळ्या द्याव्या लागतात.

बिटरलिंगची मादी लांब नळीने जिवंत शिंपल्याच्या कल्ल्यांत अंडी सोडते. म्हणजे माशाबरोबर शिंपलाही पाळणे आले, आणि तेच अवघड. फिल्टरने स्वच्छ केलेल्या टाकीत त्याला गाळून खायला सूक्ष्म शैवाल उरत नाही. तो उपासमारीने मरतो आणि कुजून सगळे पाणी नासवतो.

बिटरलिंगचे नाव युरोपीय संघाच्या अधिवास निर्देशाच्या (निसर्गरक्षणाच्या कायद्याच्या) दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे ज्यांच्यासाठी संरक्षित क्षेत्रे राखायची अशा जातींच्या यादीत आहे. मासे पकडण्याचे नियम देशोदेशी वेगळे असल्याने पाळणारे बरेचदा टाकीत वाढवलेली पिल्लेच घेतात. नको झालेले मासे नदीत सोडू नयेत. टाकीतले रोग त्यांच्याबरोबर जातात.