खुलासा: जास्त गेम म्हणजे भारी यंत्र नव्हे

बेळगावच्या खडेबाजारात जुने गेम खेळायचं हातातलं यंत्र घेताना लोक अजून खोक्यावरचा आकडाच बघतात. जितके गेम जास्त, तितकं यंत्र भारी, हा समज चुकीचा आहे. ‘९९९९ इन १’ (म्हणजे एकाच यंत्रात ९९९९ गेम) लिहिलेल्या यंत्रात तेच मोजके गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा येतात. निन्टेन्डो कंपनीच्या जुन्या ८-बिट यंत्राचे अमेरिकेतले अधिकृत गेमच ७०० च्या आसपास होते!

बघायचा तो पडदा. निन्टेन्डोच्याच गेमबॉय या हातातल्या यंत्राचं चित्र १६०×१४४ ठिपक्यांचं, जवळजवळ चौरस. रुंद पडद्यावर ताणलं की मारिओ जाडा दिसतो. त्यानंतरच्या गेमबॉय अॅडव्हान्सच्या २४०×१६० ला ३:२ (रुंदी:उंची) पडदा नेमका बसतो.

आणि अधिकच्या चिन्हासारखं दिशेचं बटण दुकानातच दाबून बघा. माझ्या भाच्याच्या यंत्रात उजवं दाबलं की वरचंही लागायचं, काँट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये गोळी तिरकीच जायची. पोरगं रडकुंडीला आलं होतं.