ओगावामाचीचा हातकागद आणि साके : एक दिवसाच्या सहलीची माहिती

टोकियोच्या इकेबुकुरो स्थानकातून तोबू तोजो मार्गाच्या गाडीने साधारण सव्वा तासात ओगावामाची येते. सायतामा प्रांतातले हे छोटे गाव डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात, त्सुकी नदीच्या काठी वसलेले आहे. हाताने कागद बनवणे आणि तांदळापासून साके हे जपानी मद्य तयार करणे हे दोन्ही व्यवसाय इथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी चालत आले, कारण दोघांनाही मुबलक स्वच्छ पाणी लागते आणि दोघांचाही खरा हंगाम हिवाळ्याचा असतो. म्हणूनच ही सहल आम्ही केवळ डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातच नेतो. जुलैअखेरीस इथे कागदी सजावटीचा तानाबाता उत्सव भरतो आणि तो पाहण्यासारखा असतो. पण त्या दिवसांत साकेच्या कारखान्यात पाहण्याजोगे काम चालू नसते. सहल वर्षभर का नसते, असे ग्राहक नेहमी विचारतात, त्याचे उत्तर पुढील माहितीत मिळेल.

सकाळचा वेळ कागदासाठी राखलेला आहे. इथला हातकागद ‘होसोकावा-शी’ या नावाने ओळखला जातो. हे नाव मूळचे ‘की’ नावाच्या जुन्या प्रांतातल्या, म्हणजे आजच्या वाकायामातल्या, कोया डोंगराच्या पायथ्याच्या होसोकावा गावाचे. तिथले तंत्र एदो काळात या भागात आले आणि इथेच रुजले. जपान सरकारने १९७८ मध्ये या कलेला महत्त्वाचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली, आणि २०१४ मध्ये युनेस्कोने शिमाने प्रांतातील सेकिशू-बान्शी व गिफू प्रांतातील होन-मिनोशी यांच्यासह तिचा आपल्या यादीत समावेश केला.

या कागदाचा कच्चा माल एकच, तो म्हणजे तुतीच्या कुळातले कोझो हे झुडूप. पाने गळाल्यावर त्याच्या फांद्या तोडतात, वाफवतात आणि गरम असतानाच साल सोलून काढतात. वरची काळी साल खरवडून टाकल्यावर उरणारी पांढरी अंतर्साल सोडा अ‍ॅश किंवा लाकडाच्या राखेच्या पाण्यात शिजवून, धुऊन, कुटून तिचे तंतू मोकळे केले जातात. धुताना त्यातली काळी कणी न कणी बोटांनी वेचून काढावी लागते. हे काम थंड पाण्यात हात घालून तासन्‌तास चालते, आणि आमच्या मते संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत कष्टाचे काम हेच आहे. पाहुण्यांचे लक्ष बहुधा कागद काढण्याच्या हौदाकडे असते; आपण कृपया या वेचणीपाशीही थोडा वेळ थांबावे.

हौदातल्या पाण्यात तंतूंबरोबर ‘नेरी’ नावाचा बुळबुळीत द्रव मिसळतात. तो तोरोरो-आओई या झाडाच्या मुळांपासून काढतात, आणि हे झाड भेंडीच्याच कुळातले असल्यामुळे भेंडी चिरणाऱ्या कोणालाही तो चिकटपणा लगेच ओळखू येईल. नेरीमुळे तंतू तळाशी न बसता पाण्यात तरंगत राहतात आणि पाणी सावकाश निथळते. त्यामुळे कारागिराला बांबूच्या बारीक काड्यांच्या चटईवर पाणी पुन्हा पुन्हा उचलून ते पुढे-मागे खेळवता येते, थरावर थर चढवता येतो आणि जास्तीचे पाणी शेवटी एका झटक्यात चौकटीबाहेर फेकता येते. ताजे ओले कागद एकावर एक रचून रात्रभर दाबून ठेवले, तरी दुसऱ्या दिवशी ते अलगद सुटे होतात, हेही नेरीचेच काम. मात्र उष्णतेने तिचा चिकटपणा उतरतो, आणि हिवाळा हा कागदाचा उत्तम काळ मानला जातो तो याच कारणाने.

सुटे केलेले कागद लाकडी फळ्यांवर चिकटवून उन्हात किंवा तापवलेल्या लोखंडी पत्र्यावर वाळवतात. पूर्वी लख्ख उन्हाच्या दिवसाला गावात ‘पिक्कारी सेन्‌र्यो’, म्हणजे चकाकत्या हजार मोहरांचा दिवस, म्हणत असत. उरकणाऱ्या कामाचे मोल त्यावरून कळते.

एदोतले, म्हणजे जुन्या टोकियोतले, व्यापारी आपल्या हिशेबवह्यांसाठी हा कागद वापरत, कारण तो चिवट आहे. दुसऱ्या महायुद्धात याच चिवटपणामुळे ओगावाचा कागद लष्कराच्या बॉम्बवाहू फुग्यांसाठीही वापरला गेला. गावाच्या इतिहासातला हा भागही आमचे मार्गदर्शक आपल्याला सांगतील. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातला हातकागद ज्यांनी पाहिला आहे, त्यांना इथे बरेच ओळखीचे वाटेल.

आपण स्वतः हौदावर एक-दोन कागद काढाल. त्यांना होसोकावा-शी म्हणता येणार नाही, कारण ते नाव ठरलेल्या साहित्यानिशी आणि पद्धतीने कारागिरांनी बनवलेल्या कागदालाच मिळते. आपला कागद वाळवून नंतर टपालाने पाठवला जाईल.

दुपारी आपण साकेच्या कारखान्यात जाऊ. दारावर टांगलेला देवदाराच्या डहाळ्यांचा गोळा हिरवागार असेल, तर यंदाची नवी साके तयार झाली असे समजावे. महिने जातील तसा तो तपकिरी होत जातो. साके भट्टीवर गाळलेली दारू नव्हे, ती आंबवून केलेली असते. द्राक्षात साखर आयती असते, तांदळात मात्र पिष्ट असते, म्हणून वाफवलेल्या तांदळावर उबदार खोलीत सुमारे दोन दिवस कोजी ही बुरशी वाढवतात. कोजी पिष्टाची साखर करते आणि यीस्ट त्या साखरेचे मद्यार्क करते, आणि ही दोन्ही कामे एकाच टाकीत एकाच वेळी चालतात. यीस्ट दबून जाऊ नये म्हणून तांदूळ, कोजी आणि पाणी चार दिवसांत तीन हप्त्यांनी घालतात, आणि दुसरा दिवस विश्रांतीचा असतो. मग तीन-चार आठवडे मिश्रण थंडीत सावकाश आंबत राहते. थंडीमुळे नको ते जंतू वाढत नाहीत आणि उत्तम प्रतीच्या साकेला सुगंध येतो. कोजीवर आधारलेल्या या पारंपरिक मद्यनिर्मितीलाही डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले.

बाटली निवडताना लेबलवरचे तीन शब्द लक्षात ठेवावेत. ‘जुनमाई’ म्हणजे केवळ तांदूळ, कोजी आणि पाणी, वरून मद्यार्क न घातलेली साके. ‘गिंजो’मध्ये तांदळाचा दाणा घासून ६० टक्के किंवा त्याहून कमी, तर ‘दाईगिंजो’मध्ये ५० टक्के किंवा त्याहून कमी उरलेला असतो. दाणा जास्त घासला म्हणजे साके आपोआप चांगली, असे आम्ही मानत नाही. जेवणाबरोबर घ्यायची असेल, तर साधी जुनमाई थोडी कोमट करून पाहावी.

सहलीच्या दिवशी सकाळी कृपया नात्तो, म्हणजे आंबवलेले सोयाबीन, खाऊ नये. त्यातले जिवाणू अत्यंत चिवट असतात आणि कोजीच्या खोलीत शिरल्यास सारा घाणा बिघडू शकतो. जपानमध्ये २० वर्षांखालील व्यक्तींना मद्य देता येत नाही; त्या वयाच्या सदस्यांना कारखाना पाहता येईल, पण चव घेता येणार नाही. मद्य घेऊन वाहन चालवण्याबाबत इथला कायदा अतिशय कडक असल्याने स्वतःची गाडी आणू नये.

गावचा प्रसिद्ध चुशिची-मेशी हा भाताचा पदार्थ सुकवलेल्या माशाच्या पाण्यावर केलेला असतो, म्हणून शाकाहारी ग्राहकांनी नोंदणी करतानाच तसे कळवावे. १९७० च्या दशकापासून ओगावामाची सेंद्रिय शेतीसाठी ओळखले जाते, त्यामुळे भाजीचे उत्तम जेवण देणे आम्हाला अवघड जात नाही.

भारतात परतणाऱ्या प्रवाशांना शुल्काविना २ लिटरपर्यंत मद्य नेता येते. साकेची बाटली चेक-इन सामानात कपड्यांत गुंडाळून ठेवावी. पाश्चरीकरण न केलेली ‘नामा’ साके थंड ठेवावी लागते, म्हणून ती लांबच्या प्रवासासाठी घेऊ नये.