हात वर जातो, पण वेणी घालता येते का?

इस्पितळात ‘ओटी’ म्हटलं की लोकांना आधी ऑपरेशन थिएटर आठवतं. ऑक्युपेशनल थेरपी, असं फोड करून सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “म्हणजे फिजिओच ना?” ‘व्यवसायोपचार’ हे सरकारी मराठी नाव तर घोटाळ्यात भरच घालतं. त्यातला व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदा, असं कुणालाही वाटेल. इथे तो शब्द दिवसभरात माणूस जे जे करतो त्या सगळ्यासाठी आहे: दात घासणं, भाकरी थापणं, वहीत लिहिणं, देवपूजा.

पक्षाघातानंतर उजवा हात लुळा पडलेल्या आजी घ्या. फिजिओथेरपिस्ट खांद्याची हालचाल, स्नायूंची ताकद, तोल आणि चाल यांवर मेहनत घेतो. ओटीवाली विचारते, “सकाळी उठल्यापासून कुठे कुठे अडतं?” ब्लाउज घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा, हे ती करवून घेते. चमच्याची मूठ जाड करून देते. पोळपाट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घालायला सांगते. गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकचा स्प्लिंट, म्हणजे हाताला नीट धरून ठेवणारा आधार, हातावर बेतते. हाताची ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. नाही आली तरी आजींची वेणी कशी घातली जाईल, हा तिचा प्रश्न.

दोघांमधली रेषा काही लक्ष्मणरेषा नाही. तोल सावरणं किंवा हाताच्या दुखापती दोघंही हाताळतात. मात्र मनोविकार वॉर्डात रुग्णाच्या दिवसाची घडी पुन्हा बसवणं किंवा स्वमग्न मुलाला गोंगाट सोसायला, कपडे घालायला शिकवणं हे मुख्यतः ओटीचं काम.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात दोन्हींच्या पदव्या वेगळ्या आहेत. शरीररचना, शरीरक्रिया दोघांनाही शिकावी लागते. पुढे ओटीचा विद्यार्थी एकेका कामाचे तुकडे पाडायला शिकतो. चहा करणं म्हणजे किती पायऱ्या, कुठे पकड लागते, कुठे आठवण? देशात हे शिक्षण 1950 साली मुंबईच्या केईएम इस्पितळात सुरू झालं, कमला निंबकर यांच्यामुळे. त्या जन्माने अमेरिकन, मूळच्या एलिझाबेथ लंडी. फलटणच्या ‘कमला निंबकर बालभवन’ शाळेमुळे त्यांचं नाव अनेकांना माहीत असतं, पण ओटीशी असलेलं त्यांचं नातं क्वचितच.

संशोधनात फरक मापावरून कळतो. गुडघा किती अंश वाकला, सहा मिनिटांत किती मीटर चालणं झालं, ही फिजिओची ओळखीची मापं. ओटीत रुग्ण स्वतःच्या कामाला आणि समाधानाला दहापैकी गुण देतो, अशीही मोजपट्टी आहे. दैनंदिन कामांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या बार्थेल निर्देशांकात जेवणाच्या प्रश्नात लोणी लावायला मदत लागते का, असं येतं. आपल्याकडे विचारायला हवं ते वरणभात कालवता येतो का, मांडी घालून बसता येतं का. माझ्या मते विद्यापीठांना करण्यासारखं खरं काम इथेच पडलं आहे.

वस्तीत गेल्यावर तर दोघांची नजर लगेच वेगळी पडते. फिजिओ आजोबांना दारापर्यंत चालवून बघतो. ओटीवाली उंबऱ्याची उंची बघते, संडासाजवळ धरायला काही आहे का ते बघते आणि घरच्यांना म्हणते, “आधी मोरी दाखवा.”