लिम्फोमाचा पेट-सीटी: पात्र कोण, कागद कोणते, उपाशी किती वेळ

बायॉप्सीत लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) निघाला की डॉक्टर पेट-सीटी लिहून देतात, म्हणजे किरणोत्सारी साखर टोचून ती शरीरात कुठे ओढली जाते ते दाखवणारा स्कॅन, आणि घरात पहिला प्रश्न पैशांचा निघतो. पण त्याआधी वेळेचं बघा. स्टेरॉइड किंवा केमो सुरू होण्यापूर्वी स्कॅन व्हायला हवा. औषधाने गाठी बसल्या की आजार मुळात कुठवर गेला होता ते नीट दिसत नाही.

स्टेज म्हणजे हेच, कुठवर गेलाय ते. एकाच भागातल्या गाठी म्हणजे पहिली. छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या एकाच बाजूला दोन-तीन ठिकाणी असल्या तर दुसरी. दोन्ही बाजूंना, तिसरी. यकृत, फुप्फुस, अस्थिमज्जेत पसरला तर चौथी. ही मोजणी १९७१ च्या ॲन आर्बर परिषदेतली, २०१४ च्या लुगानो निकषांनी तिला पेट-सीटी जोडला. चौथी ऐकून हबकू नका, लिम्फोमात त्या स्टेजचेही अनेक जण बरे होतात.

पेट सगळ्यांनाच लागतो असं नाही. हॉजकिन आणि मोठ्या पेशींच्या लिम्फोमात तो हवाच. काही संथ प्रकार साखर फारशी ओढत नाहीत, तिथे कॉन्ट्रास्ट सीटी (चित्र ठळक दिसायला औषध टोचून काढलेला साधा सीटी) पुरतो. बाई गरोदर असेल किंवा बाळाला पाजत असेल तर आधीच सांगायचं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. शिधापत्रिका, आधार, बायॉप्सी रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी हे सगळं घेऊन अंगीकृत (योजनेत असलेल्या) रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. स्कॅन पॅकेजमध्ये धरणार की वेगळा भरायचा, हे स्कॅनच्या आधी विचारा. बाहेर पैसे भरून आणलेली पावती मागाहून कुणी घेत नाही.

मुख्यमंत्री सहायता निधीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (१ लाख ६० हजारांच्या आत) आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. रुग्णालय खासगी असेल तर त्यावर सिव्हिल सर्जनचा शिक्काही.

आणि नाव! शिधापत्रिकेवर ‘सुनिता’, आधारवर ‘सुनीता’ आणि बायॉप्सीच्या कागदावर नुसतं माहेरचं आडनाव, अशा फाइलसाठी मी एका मावशींबरोबर दोन दिवस खिडक्या पालथ्या घातल्यात. लॅबमधून दुरुस्त रिपोर्ट आणायला अर्धा तास लागला, तो आधीच द्यायचा होता.

स्कॅनच्या दिवशी निदान सहा तास पोट रिकामं, साधं पाणी चालतं. चहा नाही, बिनसाखरेचाही नाही. आदल्या दिवशी जड काम नको. मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिनचं डॉक्टरांनाच विचारा, कारण साखर २०० च्या वर गेली तर बहुतेक ठिकाणी परत पाठवतात. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट आणि जुन्या स्कॅनच्या सीडी जवळ ठेवा. त्या साखरेची सुई दिल्यावर तासभर गप्प बसायचं असतं, खोली थंडगार असते. शाल न्या. अंग कुडकुडलं तर मानेतली चरबीही चमकते आणि वाचणाऱ्याला ती गाठ वाटू शकते.